उपरण्याखालचा हात

सोनगीरच्या पुढच्या एका गावात मी एका म्हाताऱ्याला फसवलं. फसलेला शेतकरी, फसवणारा जनावरांचा डॉक्टर. तो डॉक्टर मी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, देवासमोरही नाही. देवासमोर गेलो की दुसरंच काहीतरी मागून परत येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी भाव पाडणारा माणूस आहे. माझा बाप बैलांचा व्यापारी होता. पाचोऱ्याकडून बैल हाकत बाजारोबाजार पायी जायचा आणि मी मागून शेपट्या पिरगाळत चालायचो. शाळा सुटली की बाजार, बाजार सुटला की शाळा, असं करत डॉक्टर झालो. धुळ्याला हायवेवर दवाखाना काढला तो कुणाच्या मेहरबानीवर नाही. त्यामुळे तोंड फाटकं आहे आणि घासाघीस रक्तात आहे. तेव्हा हे वाचताना सावध राहा — मी माझ्या गुन्ह्याचाही भाव पाडायला बघेन. मध्येच थकव्याचं नाव काढेन, मध्येच सायबाचं. पाडू देऊ नका.

सायबाचं काढतोच बघा. जनावरांवर लंपीची साथ आली त्या साली सरकारी सायबानं मला फोन केला. म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही आपलेच. हायवेच्या त्या बाजूची गावं चार दिवस सांभाळा, मी माणूस पाठवतो." मी सांभाळली. माणूस आला नाही. श्रावण सरत आला तरी आला नाही. मी फोनवर त्याला नको नको ते बोललो, तर तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, बीपीची गोळी घेताय ना?" पुढे साथ ओसरल्यावर शाल-नारळ त्याला मिळाला. ती शाल मला अजून टोचते. पण ती या गोष्टीत नको. ती मी बाजूला ठेवतो.

जनावरांच्या डॉक्टरचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. जनावर बोलत नाही. मग मालक जनावराकडे बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही कास दाबता, पापणी उलटून बघता, आणि सगळं घर तुमचा चेहरा वाचत असतं. तर तुम्ही चेहरा धरून ठेवायला शिकता. मी इतके दिवस धरून ठेवला की तो सुटेना. एकदा घरी माझी मुलगी पायरीवरून पडली, गुडघा फुटला. मी जखम बघितली, धुतली, पट्टी बांधली. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत मागे सरकली. रक्ताला घाबरली नव्हती ती. कशाला घाबरली होती, ते मला बायकोनं सांगितलं — "तुम्ही तिच्याकडे कसं बघत होता, माहितीये का?"

मला माहीत नव्हतं. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. गाठींनी भरलेली जनावरं, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, गावाबाहेर जेसीबीनं खणलेले खड्डे — हे सगळं काचेपलीकडे चाललेलं. फक्त एक इच्छा उरली होती. संपावं. जनावर जगून संपो की मरून संपो — माझं त्या गोठ्यात पुन्हा येणं संपावं. लक्षात येतंय का, मी काय म्हणतोय ते?

पोळ्याच्या दिवशी नानांचा निरोप आला. नाना म्हणजे त्या गावातले सगळ्यात जुने बैलवाले. माझ्या बापालाही ते नानाच. बाजारात एखादा सौदा अडला की दोन्हीकडचे लोक त्यांनाच मध्ये घालायचे, कारण नानांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नसे. त्यांची जोडी हिऱ्या आणि कवड्याची. हिऱ्या बसला होता, उठत नव्हता.

मी भर दुपारी पोचलो. पोळा होता आणि गावात घुंगराचा आवाज नव्हता. जनावरं बाहेर काढायला बंदी होती, म्हणून लोकांनी मातीचे बैल आणून उंबऱ्यावर मांडले होते — हळदकुंकू लावलेले, पुढ्यात पुरणपोळी. माणसं आत होती, दारं लोटलेली. सगळ्या गल्लीत ते मातीचे बैल तेवढे रस्त्याकडे तोंड करून बसलेले. मी गाडी उभी करून चालत गेलो. खरं सांगतो, एकाही उंबऱ्याकडे मान वळवून बघायची माझी छाती झाली नाही.

गोठ्यात हिऱ्या एका अंगावर पडला होता. पलीकडच्या खुंट्याला कवड्या, धडधाकट, उभा. मी तपासलं. ताप होता, छाती भरली होती, पायावर सूज होती. पण सगळंच गेलं होतं असं नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण इथे माझा हात थांबतोय. सगळंच गेलं होतं असं नाही.

मी नानांना बाहेर चला म्हटलं. ते हलले नाहीत. मग मी तिथेच म्हणालो, की नाना, आता याला त्रास देण्यात अर्थ नाही —

"हळू," नाना म्हणाले. "त्याना सामने बोलू नका, डाक्टर. तो ऐकस. बठ्ठं समजस त्याले."

आणि बैलाला सगळं समजतं म्हणून त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या उजव्या हातावर टाकलं.

बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून बोलायचं. भोवती गर्दी असते, पण किती ठरलं ते त्या दोघांनाच कळतं. आणि उपरण्याखाली जे झालं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, हा कायदा. कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याला पुन्हा बाजारात कुणी उभं करत नाही. मी याच कायद्यात वाढलो. मरणाचा सौदा मात्र उपरण्याखाली होताना मी कधी बघितला नव्हता.

नाना माझ्या कानाशी म्हणाले, "मूठ आवळी तं करा. बोटे सोडी दिधी तं सकायले दखूत." मूठ आवळली तर शेवटचं इंजेक्शन, बोटं सोडली तर सकाळपर्यंत थांबायचं. यात न कळण्यासारखं काय होतं?

त्यांचा हात माझ्या हातात होता. खरखरीत, थंड. बराच वेळ त्यात काही हललं नाही. आणि मग हिऱ्याचा जबडा हलला. एकदा. मग पुन्हा. तो रवंथ करायला लागला होता.

तुम्ही जनावरं बाळगली नसतील तर सांगतो. कित्येक दिवस न चघळलेलं जनावर रवंथ करायला लागलं, की समजायचं त्याच्या आत काहीतरी परतीला लागलंय. नेहमीच जगतं असं नाही. पण डॉक्टर त्या आवाजासाठी कान टवकारून असतो. मी तो ऐकला. नानांनीही ऐकला, कारण त्याच क्षणी उपरण्याखाली त्यांनी बोटं सोडली. एकेक करून, अगदी पूर्ण. त्यांचा तळवा माझ्या तळव्यावर उघडा पडला होता. नको. सकाळी बघू.

सकाळी. म्हणजे मी पुन्हा यायचं. पुन्हा ती गल्ली, पुन्हा तो गोठा, पुन्हा नानांनी माझ्या तोंडाकडे बघायचं.

मी उपरणं उचललं, घडी करून त्यांच्या खांद्यावर ठेवलं, आणि म्हणालो, "ठीक आहे नाना. तुम्ही म्हणता तसं." आणि पेटी उघडली. नानांना वाटलं असेल, तापाचं इंजेक्शन देतोय. त्यांनी स्वतः हिऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, मला मान नीट सापडावी म्हणून.

जबडा थांबला. नाना वाट बघत राहिले पुन्हा हलण्याची. बराच वेळ त्यांचा हात हिऱ्याच्या गालावर तसाच होता. मग पलीकडे कवड्या — जो मघापासून आपला चघळत उभा होता — तोही थांबला. तोंडात घास तसाच. माझ्याकडे बघत.

इथपर्यंत हा थकलेल्या माणसाचा गुन्हा म्हणता येईल. भाव पाडता येईल. पण पुढचं ऐका.

तेवढ्यात नानांचा मुलगा भिकन आला. जळगावला पाइपच्या कारखान्यात असतो. बापाचा फोन गेला म्हणून मोटरसायकल पळवत आलेला, हेल्मेटसकट गोठ्यात शिरला. बघितलं, आणि ओरडला, "कुणी सांगितलं? सकाळी तर फोनवर नाना म्हणत होते कान हलवतोय!"

आणि मी म्हणालो, "नानांनी हात दिला, करा म्हणून. उपरण्याखाली."

बस. तेवढंच. भिकननं बापाकडे बघितलं. मीही बघितलं. नानांनी आपला उजवा हात समोर धरला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ते मला खोटं पाडू शकले असते. एका शब्दात. पण उपरण्याखालचं बाहेर बोलायचं नाही — सगळी हयात त्यांनी तेच पाळलं होतं, आणि ते आताही पाळतील हे मला पक्कं माहीत होतं. मी त्याच हिशोबानं बोललो होतो. थकवा नव्हता तो. सराईतपणा होता. थकलेल्या माणसाला इतकं नेमकं सुचतं का?

"विचारलं का मला?" भिकन बापाला म्हणाला. "माझ्या हातून चारा खाल्लाय त्यानं. मी येईपर्यंत दम निघाला नाही तुमचा?" नानांनी तो हात उपरण्याखाली घेतला. मी पेटी बंद केली.

त्यानंतर जे सुरू झालं ते कुणाला सांगितलं तर हसतील. मी कुठल्याही गोठ्यात शिरलो की जनावरं चघळायची थांबतात. अनोळखी माणूस आला की जनावर थांबतं, हे उत्तर मलाही माहीत आहे. पण ज्या गोठ्यांत मी वर्षानुवर्षं जातोय तिथे मी अनोळखी कसा? मी बाहेर उभा राहून ऐकून बघितलंय. आत तो ओलसर, संथ आवाज चाललेला असतो, वीस जबड्यांचा. मी उंबरा ओलांडतो. गप्प. एकदम, सगळी. मालक हसून म्हणतो, "डॉक्टर, वळखतंत तुम्हाले." मी हसतो. एकदा मी परत बाहेर आलो, चप्पल काढून, श्वास धरून पुन्हा आत गेलो — स्वतःच्याच तालुक्यात चोरासारखा. माझा पाय आत पडायच्या आधीच ते थांबले होते.

घाबरतो का मी? नाही, भीती ती नाही. मी आता त्या शांततेला उशीर झाला तर वाट बघतो. ती भीती आहे.

गेल्या पोळ्याआधी नानांच्या सुनेचा फोन आला, कवड्याचा खूर सडलाय म्हणून. भिकन त्या दिवसापासून गावी राहायला आलेला नाही. ही सून, त्याची बायको, येऊन-जाऊन असते, तो जळगावहून येत नाही. दिवाळीलाही नाही. बापाशी फोनवर बोलत नाही. गावातही नानांना आता कुणी सौद्यात मध्ये घालत नाही. ज्यानं स्वतःच्या बैलाच्या मरणाला पोळ्याच्या दिवशी हात दिला, त्याचा हात कोण धरणार?

मी खूर साफ करत होतो आणि नाना सुनेला हिऱ्याची गोष्ट सांगत होते. वय झालंय, तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. मी कान दिला. वाटलं, आता कुणाला नाही तर घरात तरी खरं सांगत असतील. नाना म्हणत होते, "मीच मूठ आवळी. डाक्टर तं म्हणे, नाना, सकायलोंग थांबूत. मीच थांबनू नही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत बघितलं मी. त्यांना तसंच आठवतंय आता. इतकी वर्षं मी सांगितलेलं खोटं उराशी धरून बसले, आणि शेवटी तेच त्यांचं खरं झालं — वर त्यात मला दयाळूही केलं. त्यांच्या डोक्यात आता असा एक डॉक्टर आहे, जो थांबूया म्हणतो. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तरी समजावलं होतं ना." मी मान डोलावली. हो. अजूनही. त्या दिवशीही.

तर भिकन, हे तुझ्यासाठी आहे. तुझ्या वडिलांनी नको म्हटलं होतं. बोटं सोडली होती, पूर्ण, मी ती माझ्या तळव्यावर मोजलीयेत. हिऱ्या रवंथ करत होता. सायबाचं आणि माझं जे आहे ते मी त्याच्याशी भांडून घेईन, त्याचं या गोठ्यात काही काम नव्हतं. मी तुझी माफी मागत नाही. मिळालीच तर तो सौदा माझ्याच फायद्याचा होईल.

तू गावी ये. चावडीवर चार माणसं बसव, बैलवाली बसव, वडिलांना खुर्ची दे आणि मला उभं कर. सगळ्यांदेखत जाब घे. मी हेच सांगेन, यातलं अक्षर बदलणार नाही. नाना मध्येच उठून म्हणतील की नाही, मीच सांगितलं होतं, डॉक्टर भला माणूस आहे. तेव्हा त्यांचं ऐकू नकोस. त्यांना बसव, आणि मलाच विचार.