दाराबाहेरच्या चपला

“पायमा काय शे?” कोणीही भेटलं की अक्का आधी त्याच्या पायात काय आहे ते बघायच्या, चेहरा मागाहून. तुम्ही कलेक्टर असतात तरी सुटला नसतात. आम्ही दवाखान्यातले थट्टेने दर दिवाळीला त्यांना चपलांचीच नवी जोडी घेऊन द्यायचो.

चोपड्याकडच्या एका दवाखान्यात मी रक्त-शौच तपासायला होतो. अक्का एचआयव्हीच्या रुग्णांना गावोगावी भेटून गोळ्यांची आठवण करून द्यायच्या. त्यांना स्वतःलाही तोच आजार होता आणि त्या तो लपवत नसत. केळीच्या बागांत अनवाणी राबणाऱ्या बायांच्या शौचाच्या डब्या आणून त्या माझ्या टेबलावर मांडत. मी नाक दाबलं की म्हणत, “भाऊ, याच वासवर तुनं घर चालस.”

ओल्या मातीतले जंत तळपायातून शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. अंगातली फौज त्यांच्याकडे वळते आणि एचआयव्हीला मोकळं रान मिळतं, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं. जंत काढल्याने किती फरक पडतो, यावर पुस्तकांचं एकमत नाही, हेही तेच सांगायचे. अक्कांना शंका नव्हती. “घरमा पाहुना बसेल शे, बठ्ठा घर त्याना मांगे. मांगला दारथीन चोर उना ते कोन देखी?” सगळं घर ज्याच्या मागे तो पाहुणा म्हणजे जंत, आणि मागच्या दाराने शिरणारा चोर म्हणजे एचआयव्ही.

मग त्यांच्याच रक्तातल्या सैनिक पेशी घटू लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकतात का? अक्का संतापल्या. “एक बी गोळी चुकनी नही.” ते खरं होतं. पण सगळ्यांच्या डब्या आणणाऱ्या बाईकडे तिची डबी मागायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

धाप लागून त्या भरती झाल्या, तेव्हा कुठे मी त्यांच्या शौचाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. जंतांची अंडीच अंडी. औषध दिलं, पण तोवर क्षयानेही गाठलं होतं. जंतांमुळेच गेल्या असं मी म्हणणार नाही. मला ते कधीच कळणार नाही, आणि तेच मला सोडत नाही.

त्यांची मुलगी कामाची पिशवी परत द्यायला आली. मी म्हटलं, अक्का तर चपला घालायच्या ना?

“कुठल्या, भाऊ? नवी जोडी भेटनी की बागमातली कोनले तरी दी टाके. ‘मना पायनं कातडं जाड शे,’ म्हने.”

आमच्या दवाखान्यात चपला दाराबाहेर काढायचा नियम आहे. इतकी वर्षं अक्का माझ्यासमोर अनवाणी उभ्या राहिल्या आणि त्यांची जोडी बाहेरच्या ढिगात असेल, असं मी धरून चाललो.

अजूनही दुपारी खोली रिकामी झाली की मला ते ऐकू येतं, “पायमा काय शे?” मी उठून दाराशी जातो. बाहेर कोणी नसतं. हाच प्रश्न एकदा त्यांना उलट विचारायला हवा होता. मी विचारला नाही.