रेणूबाईंच्या सीडी

डिचोलीच्या आमच्या उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या पिशवीत बाजारातल्या पोयांच्या, म्हणजे गोल पावांच्या, शेजारी नेहमी सीडी असायच्या. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीवर चालणारी रसायनशास्त्राची सॉफ्टवेअर त्यांत भरलेली. कुठल्याही शाळेचा शिक्षक भेटला की त्याच्या हातात एक ठेवायच्या. "घालून बघा. सगळ्यांसाठीच आसा हें." पडद्यावर रेणू फिरवून दाखवायच्या, म्हणून आम्ही त्यांना रेणूबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

शाळेत संगणक आले तेव्हा एका दुकानदाराने महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी फुकट भरून द्यायची तयारी दाखवली. प्राचार्य खूश झाले. बाई म्हणाल्या, "सर, चोरून आणलेलं मी मुलांसमोर उघडणार नाही."

"मग दाखवणार काय?"

"उघडपणे, फुकट वाटलेलंही असतं. शोधते."

शोधणं सोपं नव्हतं. शाळा सुटल्यावर त्या इंटरनेटच्या दुकानात बसायच्या. अर्धं उतरलं की लाईन तुटायची. उतरलं तर चालायचं नाही, चाललं तर चित्रच दिसायचं नाही. मग परदेशातल्या अनोळखी माणसांना ईमेल करून अडचण सांगायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "विचारूक लज कसली गो?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गात पडद्यावर मिथेनचा रेणू फिरला. मी सर्वण गावची, बाबा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. आकृत्या घोकून कंटाळले होते, विषय सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. बाईंनी माउस माझ्या हातात दिला. "फिरव. मोडणार नाही." मी फिरवला. पुस्तकात कागदावर चेपून बसवलेले चार हायड्रोजन इथे चार दिशांना मोकळे पसरले होते. त्या दिवसापासून विषय सोडायचं नाव मी काढलं नाही.

अणूंची नावं मराठीत लिहिली की मात्र नुसते चौकोन उमटायचे. बाईंनी ते सॉफ्टवेअर करणाऱ्याला कळवलं. त्याने दुरुस्त केलं, तरी जोडाक्षरं तुटायची. बाईंनी पुन्हा कळवलं. शेवटी नव्या आवृत्तीत अक्षरं नीट आली, आणि आभाराच्या पानावर बाईंचं नाव, पुढे 'डिचोली, गोवा'. आम्ही ते शाळाभर दाखवत सुटलो. बाई म्हणाल्या, "नाव कसलं बघता? 'कार्बन' नीट आला काय तो बघा." आणि नव्या सीडी घेऊन वाळपई, पेडण्याच्या शाळांकडे निघाल्या. पुढे प्राचार्यच पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या बाईंचं काम हे."

निवृत्तीनंतर त्या इब्रामपूरला भावाकडे राहायला गेल्या. आजारी आहेत कळलं, तेव्हा मी पुण्याहून भेटायला गेले. तिथे पीएचडी करताना मी रसायनशास्त्राचं एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं होतं आणि सर्वांसाठी खुलं ठेवलं होतं. ते सांगितल्यावर बाई पडवीतल्या खाटेवर उठून बसल्या.

"लोक वापरतात?"

"वापरतात. चुकाही दाखवतात."

"बरं करतात."

मग त्यांनी आत हाक दिली, "वहिनी, च्या ठेव गो. आमच्यातली एक आयली आसा."

बाईंची माझी ती शेवटची भेट. पुढे मला पदवी मिळाली, नोकरीही लागली. पण मी रसायनशास्त्रज्ञ झाले ती इब्रामपूरच्या त्या पडवीत, असंच मी आजही सांगते.