पेटीत नसलेला गंधार

माझी आई धवलारीण होती. पेणच्या खाडीकाठच्या आमच्या गावात लग्न लावायचं म्हणजे धवलारीण हवी. देवांना गाऊन बोलावणं तिचं काम. भटजीसुद्धा तिचा धवला, म्हणजे ते लग्नाचं गाणं, संपेपर्यंत बाजूला उभे राहायचे. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. उन्हाळाभर मिठागरात राबायची आणि लग्नसराईत गायची. तिच्या मागे ओळ उचलायला चार-पाच बायका असत.

मी मात्र पेणला गुरुजींकडे पेटी शिकले आणि रोह्याच्या एका शाळेत गाणं शिकवायला लागले. नोकरी तात्पुरती होती. त्याच वर्षी माझ्या चुलत बहिणीचं लग्न रोह्यातल्या घरात ठरलं. मुलाचे मामा आमच्या शाळेच्या समितीवर होते. त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

"आमच्याकडून कंपनीतली माणसं येणार आहेत, साहेब लोक. ते बायकांचं गाणं जरा सुरात होऊ दे. तुम्ही पेटी घेऊन बसा."

मी हो म्हटलं. नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मलाही आईचं गाणं बेसूर वाटायला लागलं होतं. तिचा गंधार नेहमी खाली पडायचा. ना कोमल, ना शुद्ध, मधेच कुठेतरी. पेटीनं ती सुधारेल, असं मी मनाशी धरलं होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती भात पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "बस गो. पन माज्या मागनं ये. म्होरं जाऊ नको."

लग्नाच्या दिवशी काकूच्या दारचा मांडव गच्च भरला होता. मुहूर्त दुपारचा. मामांनी लाऊडस्पीकरचा माईक आईसमोर आणि पेटीसमोर मधोमध ठेवायला लावला. मी काळी पाचची पट्टी धरली, आईनं षड्ज लावला. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. मग तिसऱ्या ओळीत ती त्या सुरावर आली आणि मी गंधार दाबला.

दोन्ही आवाज एकमेकांवर घासले. कर्ण्यातून ती खरखर गावभर गेली. मी सोडायला हवं होतं, पण सोडलं नाही. उलट भाता जोरात मारला, तिला वर ओढून घ्यायला. मागच्या बायका गोंधळल्या. दोघी पेटीकडे झुकल्या, बाकीच्या आईबरोबर राहिल्या. पाहुण्यांत कोणीतरी हसलं. आईच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. चौथ्या ओळीला ती गप्प झाली.

धवला अर्ध्यावर तुटणं आमच्याकडे फार वाईट. आतून काकू धावत आली. "काय झालं गो? म्हन ना! पोरीचं लगीन हाय!"

भटजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्ताला आठ मिनिटं राहिली."

मामा माझ्या कानाशी वाकले. "तुम्ही नुसती पेटी वाजवा. मी भटजींना सुरू करायला सांगतो. हे राहू दे आता."

अंतरपाटाच्या पलीकडे बहीण रडत होती. मी आईकडे पाहिलं. ती मला म्हणाली, "तुजी पेटी मना आयकत नाय. तू तरी आयक."

मामा उभेच होते. मी गंधारावरचं बोट काढलं आणि फक्त षड्ज आणि पंचम दाबून ठेवले. भाता हळू केला. आईनं पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत तिचा गंधार हवा तिथे बसला, आणि कुठे घासलं नाही. मी मात्र मिनिटं मोजत होते. शेवटची ओळ संपली आणि भटजींनी लगेच पहिलं मंगलाष्टक उचललं. मामा माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी शाळेनं मला घेतलं नाही. त्यामागे ते होते की नाही, मला आजही ठाऊक नाही.

आई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मग मीच तिला पेणला गुरुजींकडे नेलं. गुरुजींनी तिला गायला लावलं आणि तंबोरा छेडला. मला म्हणाले, "डोळे मीट. खर्जाच्या तारेत काय ऐकू येतं?" नीट ऐकल्यावर तारेच्या आतून एक बारीक गंधार येत होता, पेटीतल्यापेक्षा किंचित खाली.

"पेटी परक्या देशातून आली," गुरुजी म्हणाले. "कुठल्याही पट्टीत वाजावी म्हणून तिचे सूर थोडे थोडे सरकवलेत. षड्ज-पंचमाचं नातं मात्र कुठल्याही मुलखात जा, बहुतेक सापडतं. मधल्या जागा ज्याच्या त्याच्या."

"म्हणजे आईचा गंधार तारेतला आहे?" मी उतावीळपणे विचारलं.

त्यांनी आईला पुन्हा गायला सांगितलं. दोनदा, तीनदा. मग मान हलवली. "नाही. त्याच्याही खाली आहे. अरबांच्या गाण्यात असा सूर मी रेडिओवर ऐकलाय. तो इथे कसा, कोण जाणे. पण बाई तीनही वेळा नेमक्या तिथेच आल्या. ही चूक नव्हे."

आई तंबोऱ्याकडे बघत म्हणाली, "माजी आय तिथंच लावायची."

त्या पावसाळ्यात मी तिच्याकडे धवले शिकायला बसले. शब्द वहीत उतरले, तो सूर उतरेना. मी गायले की ती हात वर करून थांबवायची. "वर गेलीस." पुन्हा गायले की, "आता खाली." कधी चिडायची, उठून जायची. मी रडकुंडीला यायचे. अठरा वर्षं शिकलेले कान मला सोडत नव्हते.

पुढे आईचा आवाज कायमचा बसल्यावर निडी गावाजवळच्या एका लग्नात मी पहिल्यांदा एकटी गायले. ती माझ्या पाठीशी बसली होती. त्या ओळीपाशी आले तेव्हा कधीही तिचा हात खांद्यावर पडेल असं वाटत होतं. हात पडला नाही. घरी परतताना मी विचारलं, "बरोबर लागला का गो आये?"

"दोनदा लागला," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा घाबरलीस."