दुपट्ट्याखालचा सौदा

पांढुर्ण्यापासून मोहगावपर्यंतच्या बगिच्यांतली संत्री झाडावर असतानाच मी विकत घेते. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबतात. बोट सोडलं की सौदा मोडला. बाईनं यात हात घालू नये, असं बगिचेवाले म्हणत. मी स्वतःचा दुपट्टा टाकायला लागले, तेव्हा गप्प झाले.

माझ्या शरीराचा सौदा मात्र मला बाहेर बसवून झाला.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. नागपुरात किरणांचे शेक संपले, त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा," आणि नवऱ्याला आत थांबवलं. सौंसरच्या बसमध्ये मी विचारलं, "काय म्हणाले?"

"आराम कर म्हणे," एवढंच त्यानं सांगितलं. घरी येताच त्याची खाट ओसरीत गेली.

वर्षभर तिथेच. त्याचं केवढं कौतुक! नणंद तर येईल त्याला सांगे, "माह्या भावासारखा संयमी माणूस नाही बाप्पा." हार घालायचे तेवढे राहिले होते. मला काय हवं, हे कोणी विचारलं नाही. बरी झालेली बाई म्हणजे त्यांच्या लेखी घासून पालथं घातलेलं भांडं. नवरा गोळी द्यायचा तीही वरून टाकायचा, बोटाला बोट लागू नये म्हणून.

वर्षानंतरच्या तपासणीला मी खुर्ची सोडलीच नाही. "डॉक्टरसाहेब, तुमी याइले काय सांगतलं होतं?"

"काही आठवडे संबंध ठेवू नका, मग हळूहळू सुरू करा. कोरडेपणा येतो, त्याला जेल मिळतं. दुखलं तर थांबा आणि मला सांगा."

मी नवऱ्याकडे वळले.

"मले लाज वाटून राहिली होती," तो पुटपुटला. "ठेवू नका, एवढं ऐकलं अन् उठलो."

अर्ध्या वाक्यावर वर्षभर ओसरी!

"अन् तुमी," मी डॉक्टरांवर उखडले, "जिचं अंग, तिलेच बाहेर काऊन बसवलं?"

त्यांनी जेलची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर खाट मीच ओढत आत आणली. दार लावलं आणि नवऱ्याच्या हातावर दुपट्टा टाकला.

"दुखलं तं?" त्यानं विचारलं.

"बोट सोडीन."

त्या दिवशी सोडावंच लागलं. तो घाबरून परत खाट उचलायला लागला.

"बसा खाली," मी ओरडले. "सौदा मोडला, बाजार नाही उठला."