शेऱ्याचा रकाना

कोणालाच नको असलेलं काम नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात विभागाच्या शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडे आलं. त्याच आठवड्यात आम्हा नव्यांसाठी माहितीच्या सुरक्षेवर दोन तासांचं व्याख्यान होतं. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह असावं, हे मी वहीत नीट लिहून घेतलं.

व्याख्यान आटोपून जिना उतरले तर ऑफिसातले बाबू त्रुटी यादी घेऊन उभे. ज्यांचे कागद अपुरे, त्यांची ती यादी. या बाबूंना सगळा विभाग मामा म्हणतो. "सही करा म्याडम, खाली लावून टाकतो," ते म्हणाले. मला तासाला उशीर होत होता. मी कागद भिंतीला टेकवला आणि सही केली.

यादी पाण्याच्या टाकीशेजारच्या फळ्यावर लागली. नाव, गाव, जात, आधार क्रमांक, मोबाईल आणि शेवटच्या रकान्यात शेरा. पोरांनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, तिथून ते गावोगाव गेले. वर्षानुवर्षं हीच रीत. वरच्या मजल्यावर आम्हाला पासवर्डात चिन्ह टाकायला शिकवत होते आणि खाली पोरांचं अख्खं घरदार भिंतीवर टांगलं होतं.

एका मुलीच्या नावापुढे शेरा होता: 'विवाहित. पतीच्या उत्पन्नाचा दाखला नाही. पतीपासून वेगळी राहते.' कंधार तालुक्यातली ही मुलगी शेवटच्या वर्षाला होती, पहिल्या बाकावर बसायची. तिचं लग्न झालंय हे यादी लागेपर्यंत वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं. हदगावकडच्या सासरी मार खाऊन ती निघून आली होती, नवं सिम घेतलं होतं, आणि तो नंबर आईखेरीज कोणाला दिला नव्हता, फक्त आमच्या फॉर्मवर लिहिला होता. फॉर्मवर खरं लिहायचं असतं म्हणून. हे सगळं मला मागाहून कळलं. यादी वाचली असती तर निम्मं आधीच कळलं असतं.

चौथ्या दिवशी तिचा दीर आला. त्याच्या मोबाईलमध्ये यादीचा फोटो होता. मामांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि वेळापत्रक बघून वर्गखोली सांगितली. मी शिकवत होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "आमच्या वहिनीला न्यायला आलोय."

तीस पोरं वळून तिच्याकडे बघायला लागली. तिनं मान वर केली नाही, पण बाकाच्या आतल्या कडेला सरकली. मी दार लावून आतून कडी घातली. तो बराच वेळ व्हरांड्यात उभा राहिला, मग मोठ्या माणसांना घेऊन येतो, असं ओरडून गेला.

मामांना जाब विचारला, तर ते खरोखर गोंधळले. "घरचं माणूस हाय म्हणलं, म्याडम. लई लांबून आलतं. घरच्यांना कसं न्हाई म्हणावं?"

मामा वाईट नाहीत, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. वसतिगृहातल्या पोरीला ताप आला तर रिक्षा तेच बोलावतात. पण कोणी नातं सांगितलं की आमच्या ऑफिसातली सगळी कपाटं आपोआप उघडतात. तीच मुलगी स्वतःचा कागद मागायला आली असती, तर मामांनी तिला अर्ज घेऊन ये म्हणून परत पाठवलं असतं.

विभागप्रमुखांकडे गेले. "घरगुती मामला आहे, मॅडम. तुम्ही नव्या आहात, यात पडू नका. आजवर यादीबद्दल एकही तक्रार आलेली नाही." तक्रार करायची कोणाकडे, यादी लावणाऱ्यांकडेच? मी खाली गेले आणि यादी फाडून काढली. संध्याकाळी कार्यालयीन सूचना फाडल्याबद्दल माझ्याकडेच लेखी खुलासा मागितला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हणणार होते. पण मी कुठली संन्यासी? हातातल्या चोळामोळा झालेल्या कागदावर खाली सही माझीच होती.

मुलगी वसतिगृह सोडून गेली. वर्गात यायची बंद झाली. परीक्षेला मात्र आली, तोंडाला स्कार्फ बांधून, आईला सोबत घेऊन. पहिला पेपर सुटल्यावर मी तिला गाठलं. लातूरला माझ्या बहिणीकडे राहायची सोय करते म्हणाले. "तुझा नवा नंबर दे. मी कोणाला कळू देणार नाही."

ती रागावली नाही. अगदी साधेपणानं म्हणाली, "नगं म्याडम. तुम्ही वाचत न्हाईत, नुसती सही करता."

आईनं तिला दटावलं, "मोठ्यांना असं बोलू न्हाई." मी म्हटलं, बोलू द्या तिला, खरंच आहे ते. दोघी बस धरायला निघाल्या. अजून चार पेपर बाकी होते. त्यांना ती कुठून येणार, हे मी विचारलं नाही.