निळ्या खांबात बसलेल्या बायका

बाविसाव्या वर्षी मला माझ्या हुशारीचा फार त्रास होत असे. म्हणजे मला नाही, आजूबाजूच्यांना. संख्याशास्त्राची पदवी हातात होती आणि शनिवार पेठेतल्या एका वाचनालयात, देवघेवीच्या खिडकीवर, हंगामी नोकरी लागली होती. आलेलं पुस्तक घ्यायचं, हवं ते द्यायचं, कार्डाचा क्रमांक वहीत लिहायचा. "एवढ्याला पदवी कशाला लागते गं?" असं आई विचारायची. मी नाक उडवायचे.

एक दिवस कार्यवाहांनी बोलावलं. माडीवरची खोली दुपारी दोन ते चार बायकांना वाचायला राखून ठेवलेली होती. पुरुष सभासदांना तिथे बुद्धिबळाचे पट मांडायचे होते. पंधरा दिवसांनी सभेत निकाल लागणार होता.

"बायका खरंच वाचतात, की नुसत्या वाऱ्याला बसतात? तुम्ही आकड्यांतल्या. बघा जरा."

आकडे! कुणी पैठणी दिली असती तरी मी इतकी हरखले नसते. वर्षभराच्या वह्या उपसल्या, प्रत्येक क्रमांक सभासदांच्या यादीशी ताडला, आलेखाचा कागद आणला, रंगीत पेन्सिलींना टोकं केली. पुरुषांचा निळा खांब कागदाच्या वरच्या कडेला टेकला. बायकांचा गुलाबी खांब, काय सांगू, जिऱ्याएवढा! खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'महिलांना वाचनाची आवड नाही. खोली पुरुष सभासदांना द्यावी.' स्वतः बाई असून हे लिहिताना लाज वाटली नाही. उलट आपण किती निःपक्षपाती, म्हणून मान ताठ झाली. कार्यवाह तर इतके खूश, की त्यांनी मला चहा पाजला. पेठेत चहा पाजणं म्हणजे काय ते जाणकारांना कळेल.

तिसऱ्या दिवशी खिडकीवर नऊवारीतल्या एक काकू आल्या. नेहमीच्याच. पिशवीतल्या मेथीच्या जुडीखालून त्यांनी दोन रहस्यकथा काढल्या. मी कार्डावरचं नाव वाचलं आणि उगाच लाडात म्हणाले, "काकांना रहस्यकथा फार आवडतात वाटतं!"

"हल्ली आवडतात," काकू म्हणाल्या. "जाऊन दीड वर्ष झालं त्यांना. हयातीत वर्तमानपत्राच्या पुढे गेले नाहीत. तुमच्या वहीत मात्र आठवड्याला दोन संपवतायत."

मी खो खो हसले, आणि हसता हसता थिजले. निळा खांब! हे वर गेलेले गृहस्थ माझ्या निळ्या खांबात वाचत बसले होते. सभासद घरातला पुरुष, वाचणारी कुणी दुसरीच. आणि माझं स्वतःचं कार्ड? वडिलांच्या नावावर! वर्षभर आईची बोलणी खात मी वाचलेलं प्रत्येक पुस्तक त्याच खांबात गेलं होतं. माझ्याच आलेखात मी पुरुष होते.

काकूंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"खोली जाईल? अगं, घरी मी पुस्तक उघडलं की कुणाला तरी चहा हवा असतो. दिवसाचे तेवढेच दोन तास माझे."

"जाणार नाही! आत्ता खोडते आणि लिहिते, सगळी पुस्तकं बायकाच वाचतात!"

"एका म्हातारीच्या सांगण्यावरून? परवा वहीचं ऐकलंस, आज माझं. नीट मोज की जरा."

मग मी मोजायला बसले. पहिल्या दिवशी फक्त दुपारी मोजलं आणि आनंदाने टाळ्या पिटल्या. बायकांच्या वेळेला बायकाच मोजत होते, हे ध्यानात यायला संध्याकाळ उजाडली. त्यानंतर आठवडाभर सकाळपासून खिडकी बंद होईपर्यंत प्रत्येकाला एकच प्रश्न, "हे वाचणार कोण?"

"पुस्तक आहे. उशाला घेत नाही आम्ही."

"आपण पोलिसांत असता का?"

एक गृहस्थ जाडजूड कौटुंबिक कादंबरी छातीशी धरून म्हणाले, "मीच." आणि कानापर्यंत लाल झाले. ते वाक्य खरं होतं की खोटं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी त्यांना पुरुषांतच धरलं.

बायका निम्म्या काही निघाल्या नाहीत. जरा हिरमुसले, पण जे निघालं तेच लिहिलं. पाच पुस्तकांतली दोन त्यांच्यासाठी जात होती.

सभेत कार्यवाहांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "परवापर्यंत जिरं होतं. आज भोपळा?"

मी उठून उभी राहिले. "तेव्हा मी कार्डं मोजली. वाचणारी माणसं मोजायची राहिली. चूक माझी आहे. आपल्या कार्डावर गेल्या महिन्यात सात कादंबऱ्या गेल्यात. आपण वाचल्यात?"

"मी? एकही नाही." ते थांबले. "तरीच आमटी करपते हल्ली."

सभेत हशा पिकला आणि त्या हशातच हात वर झाले. एक, दोन, पाच... खोली बायकांकडेच राहिली. बुद्धिबळाचे पट जिन्याखाली गेले.

मी दोन दोन पायऱ्या चढत माडीवर धावले आणि धाडकन दार उघडलं. "खोली राहिली!"

दहाबारा माना वर झाल्या. "कुठे जाणार होती?" खिडकीजवळच्या एकीने विचारलं.

काकूंनी पानात बोट घालून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. आवाज मात्र ठणठणीत.

"राहिली ना? मग ओरडतेस कशाला? वाचू दे."