जिन्यातला वास

नोटीस लावली होती पोस्टाच्या पेट्यांच्या वर, बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी, आणि तिच्या कोपऱ्यात नाताळची लाल घंटा काढली होती. त्या घंटेनंच माझं डोकं आधी फिरलं. माणसाच्या ताटातलं काढून घ्यायचंय तर घ्या, पण वर घंटा कशाला? ‘सर्व रहिवाशांना विनंती, थोरलाकच्या दिवशी इमारतीत मुरवलेली पाकट शिजवू नये. गॅरेज आणि बाल्कनीतही नाही. नाताळच्या शुभेच्छा.’ खाली चेअरमन इंग्वारची सही.

सर्व रहिवाशांना म्हणे! अठरा घरांत पाकट शिजवणारं घर एकच, दुसऱ्या मजल्यावरचं, माझ्या दारासमोरचं. सालव्होरचं. तिचं नाव लिहायची हिंमत झाली नाही, एवढंच.

मला स्वतःला पाकट मासा आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर कुणी म्हणायचं, ही योरुन स्वतःच्या पोटासाठी भांडतेय. मी उत्तरेकडची, आमच्याकडे थोरलाक संताच्या दिवशी, तेवीस डिसेंबरला, साधा मासा खातात आणि गप्प बसतात. पश्चिमेच्या खाड्यांमधली माणसं मात्र सप्टेंबरपासून पाकटीचे तुकडे टबात मुरत घालतात, आणि थोरलाकच्या दिवशी दुपारी ती शिजायला लागली की तो वास नाकातून थेट मेंदूत जातो. डोळ्यांतून धारा. पहिल्या वर्षी सालव्होरनं मला जेवायला बोलावलं तेव्हा मी एक घास कसाबसा गिळला आणि त्यावर दोन ग्लास पाणी प्यायले.

“रडलीस ना?” ती म्हणाली. “मग झालं. आज जीभ रडली की परवाचं मटण गोड लागतं.”

तेव्हापासून बावीस वर्षं मी दर थोरलाकला तिच्या टेबलावर बसत आले. घास एकच. बाकी पोट बटाट्यांवर आणि वितळवलेल्या मेंढीच्या चरबीवर भरायचं.

सालव्होरनं एकतीस वर्षं खाडीतल्या मच्छीच्या कारखान्यात काढली. खालून दिवा लावलेल्या काचेवर कॉड माशाचा तुकडा ठेवायचा, त्यातले किडे एकेक करून चिमट्यानं काढायचे, की पुढचा तुकडा. बोटं इतकी गारठायची म्हणे की घरी गेल्यावर नवऱ्याला तिच्या कोटाची बटणं काढावी लागायची. मग मासे पकडायचे हक्क कुणी शहरातल्यानं विकत घेतले, बोटी गेल्या, कारखान्याला कुलूप लागलं, आणि गावात हिवाळ्यात दिवा लागणाऱ्या खिडक्या उरल्या चार. नवरा त्याच वर्षी गेला. सालव्होर रेक्याविकला आली, आमच्या इमारतीत, आणि येताना सोबत आणलं ते कारखान्यातलं भलंमोठं अॅल्युमिनियमचं पातेलं. बाकी काही नाही आणलं म्हटलं तरी चालेल.

त्या चार खिडक्यांतली एक तिच्या मोठ्या भावाची, बेतुएलची. वय वर्षं चौऱ्याऐंशी, एकटा, बोलायला महाकंजूष. वर्षभर तो खाडी सोडायचा नाही. फक्त थोरलाकच्या आदल्या दिवशी मच्छीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून दहा तास प्रवास करून यायचा, मांडीवर झाकण घट्ट बसवलेली बादली. त्यानं स्वतः मुरवलेली पाकट. भावाबहिणीची भेट वर्षातून ती एकच. गावातून शहरात पांगलेली आणखी सहा-सात माणसं यायची, जुने कपडे घालून, कोट बाल्कनीत टांगून. सगळे नाक पुसत खायचे आणि ज्यांची घरं बंद झाली त्यांच्या गोष्टी सांगायचे. बेतुएल पहिला घास तोंडात घालायचा, डोळे मिटायचा, आणि सालव्होर हातातला डाव तसाच धरून उभी राहायची.

“झणझणली?” ती विचारायची.

“झणझणली,” तो म्हणायचा. तेवढं ऐकलं की मगच ती बसायची.

आता खरी गोष्ट. पाकटीचा वास घालवायचा एकच उपाय, आणि तो आमच्या सगळ्या देशाला माहीत आहे. संध्याकाळी त्याच घरात धुरी दिलेलं मेंढीचं मटण उकळायला ठेवायचं. सालव्होर पाच वाजता ते मोठं पातेलं चुलीवर चढवायची आणि दार सताड उघडं टाकायची. तासाभरात पाकट पळायची आणि तळमजल्यापासून वरपर्यंत जिना त्या धुराच्या, मटणाच्या वासानं भरून जायचा. लोक कामावरून यायचे, पहिल्या पायरीवर थांबायचे, छाती भरून श्वास घ्यायचे. “आला नाताळ!” म्हणायचे. पोरं वर यायची, सालव्होर प्रत्येकाला नक्षी कापलेल्या कुरकुरीत पोळीवर मटणाचा पातळ काप द्यायची. इंग्वारची उना, पाच वर्षांची चिमुरडी, दोन खायची आणि तिसरा बापासाठी घेऊन जायची. आणि बाप तो खायचा! खायचा आणि बोटं चाटायचा. मी बघितलंय.

तर अशा या इंग्वारनं सभा बोलावली. खाली कपडे धुण्याच्या खोलीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे. तो मोजून-मापून बोलतो, जणू प्रत्येक शब्दाला इस्त्री केलीय.

“कुणाच्याही परंपरेबद्दल मला आदरच आहे,” तो म्हणाला. “पण पडद्यांना वास लागतो. आमच्या हिचा, हेर्डिसचा, नवा लोकरी कोट दोनदा धुवायला द्यावा लागला. शिवाय आता बाहेर हॉटेलांत उत्तम पाकट मिळते.”

“आणि तिसऱ्या मजल्यावर तुझा मित्र रात्रभर ढोल बडवतो, त्याची नोटीस कुठाय?” मी विचारलं.

“योरुन, विषयाला धरून बोल.”

“विषयालाच धरलंय! एक दुपार, वर्षातली एक! नाकानं कांदे सोलणारी जात मेली तुमची!”

मी आणखीही बरंच बोलले. तिकडे सालव्होर बाकावर हात मांडीत घेऊन शांत बसून होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “आणि मटण, इंग्वार? मटणाला परवानगी आहे?”

तो हसला. सगळेच हसले. “अगं, मटणाला कोण नको म्हणेल? तो तर नाताळच आहे!”

“बरं,” ती म्हणाली.

हात वर झाले. चौदा विरुद्ध दोन. ज्यांनी तिच्या घरचे काप खाल्ले होते त्यांचे हात सगळ्यात आधी वर गेले. मी जिना चढताना सालव्होरवरही भडकले.

“बरं काय बरं? शिजव तू! काय करतील, पोलीस बोलावतील?”

“मी या जिन्यात बावीस वर्षं कुणाशी भांडले नाही,” ती म्हणाली. “बेतुएल वर्षातून एकदा जेवायला येतो. त्याला भांडणाच्या घरात नाही बसवणार मी. दारावर थाप पडेल का म्हणून कान देत तो काय खाणार?”

मग मी म्हटलं, लेकीच्या घरी शिजव. तिची मुलगी ब्रिन्या म्हणाली, माझ्याकडे नको, आमचं स्वयंपाकघर उघडं आहे, नवा सोफा आहे, मी हॉटेलात टेबल सांगून ठेवते. सोफा! आईचा मामला आला की सगळ्यांच्या घरात काहीतरी नवीन असतंच.

बेतुएलला कुणी कळवलं नव्हतं. तो नेहमीसारखा बादली घेऊन उतरला. सालव्होरनं त्याला जिन्यात ती नोटीस दाखवली. त्यानं ती पहिल्या शब्दापासून घंटेपर्यंत वाचली, बादली उचलली आणि ब्रिन्याच्या गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली.

थोरलाकच्या दुपारी हॉटेलात आत शिरायलाच रांग. नंबर लावला, नंबर आला, टेबल पाऊण तासाचं. शेजारी बँकेतली पोरं, टाय लावलेली, पाकट खाऊन दाखवायची पैज लावून खिदळत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. त्यांना ती गंमत! आमच्या टेबलावर गावातली माणसं चांगल्या कपड्यांत अवघडून बसली होती, कुणी कुणाच्या बंद घराची गोष्ट काढली नाही. काढणार कशी, ऐकू कुणाला येत होतं? बेतुएलनं पहिला घास घेतला. सालव्होर बसूनच त्याच्याकडे बघत राहिली. हातात डाव नव्हता, म्हणून काटा धरून.

“झणझणली?” तिनं विचारलं.

तो जरा वेळ चावत राहिला. “गरम आहे,” म्हणाला.

बेतुएलनं काटा ताटात ठेवला तो ठेवलाच. वाढणारी एक पोरगी आली, विचारलं ‘झालं का?’ आणि उत्तराआधी ताट उचललं. मी तिला चार शब्द सुनावणार होते, पण सालव्होरनं टेबलाखालून माझा हात दाबला.

संध्याकाळी पाच वाजले. सहा वाजले. मी दार किलकिलं करून बघितलं, तर समोरचं दार बंद. ढकलून डोकावले, तर आत बेतुएल खुर्चीत झोपलेला, सालव्होर विणत बसलेली, चूल थंड. साडेसहाला जिन्यात पावलं वाजायला लागली. लोक यायचे, पहिल्या पायरीवर थांबायचे, नाक वर करायचे, आणि वर चढायचे. सातला हेर्डिस आली, उनाचं बोट धरून. मागून इंग्वार. हेर्डिसनं दार वाजवलं.

“सालव्होर, तब्येत बरी आहे ना? मटण लावलं नाहीस अजून?”

“नाही लावलं.”

“अगं, पोरं वाट बघतायत. जिना कसा सुना सुना वाटतोय.”

“मटण कशाला लावतात, हेर्डिस?” सालव्होरनं शांतपणे विचारलं. “पाकटीचा वास घालवायला. आज घरात पाकटच शिजली नाही, मग कुणाला घालवू? मटण परवाच्या जेवणाला. ते ब्रिन्या तिच्याकडे उकळेल, तिच्या सोफ्याला ते चालतं.”

अठरा घरांत एकाही शहाण्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं! एका वासाला हाकललं की त्याच्या पाठीवर बसून येणारा दुसराही जातो, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. मला इतका आनंद झाला, इतका, की मी दार लावून एकटीच हसले. मग तासाभरानं खिडकीतून खाली ब्रिन्याच्या डिकीतली बादली ट्रकमध्ये चढवणारा बेतुएल दिसला आणि हसू गेलं. ट्रक त्या वर्षी लवकर निघणार होता. बादली जशी आली तशी परत चालली होती, झाकण न उघडता.

नंतर सालव्होरनं फोन करून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, घरी जाऊन शिजवली, तीन दिवस पुरली. एकट्यानं खाल्ली.

फेब्रुवारीत बेतुएल गेला. शेजारच्या खिडकीतल्या माणसाला दोन दिवस दिवा दिसला नाही, तेव्हा कळलं. रस्ता बर्फानं बंद होता, सालव्होरला पोचायला आठवडा लागला.

नोव्हेंबरच्या सभेत नोटीस काढून टाकायचा ठराव आला. आणला कुणी, तर इंग्वारनं! ‘सर्व रहिवाशांच्या भावना लक्षात घेऊन.’ भावना म्हणे. पोळीवरचा काप लक्षात घेऊन म्हण ना! विरोधाशिवाय मंजूर झाला. वरातीमागून घोडं, आणि घोड्याला पुन्हा रिबिनी बांधलेल्या. मी हात वर केला नाही. सालव्होर आलीच नव्हती.

काल थोरलाकचा दिवस होता. दुपारी बारा वाजता तिच्या दाराशी तिघं उभी होती. हेर्डिसच्या हातात उकडलेल्या बटाट्यांचं भांडं, उना नव्या फ्रॉकमध्ये, आणि इंग्वार दुकानातलं प्लास्टिकचं पाकीट घेऊन. मीही दारात आले.

“आम्ही पाकट आणलीय,” तो म्हणाला. आवाजातली इस्त्री जरा विस्कटलेली होती, तेवढं मी मान्य करते. “तू शिजव. आम्ही सगळे खाऊ. बेतुएलच्या आठवणीसाठी.”

सालव्होरनं पाकीट घेतलं, कात्रीनं कोपरा कापला आणि नाकाजवळ नेलं. पुन्हा नेलं. डोळे मिटले, बेतुएल मिटायचा तसे, आणि मग उघडले. कोरडे ठक्क.

“हिला वासच नाही रे, इंग्वार.”

“हो ना!” तो खुशीत म्हणाला. “मुद्दाम तीच घेतली. इमारतींसाठी खास मिळते आता, कमी वासाची.”

सालव्होरनं पाकिटाचा कोपरा दोनदा दुमडला आणि ते त्याच्या हातात परत दिलं. “छान आहे,” म्हणाली. “तुम्हीच शिजवा.” आणि दार हळूच लावून घेतलं, कडीचा आवाजही न करता.

तिघं तिथंच उभी. बटाट्यांची वाफ निघत होती. उनानं माझा स्कर्ट ओढला.

“योरुन, आज संध्याकाळी जिन्यात वास नाही येणार?”

“मला काय विचारतेस?” मी म्हटलं. “तुझ्या बापाला विचार.”